पाहुणेकाकूंची विहीर

लाँचमधून उतरलेल्या परक्या माणसाने धक्क्यावर "राहायला कुठे मिळेल हो?" असं विचारलं, की दोर बांधणारा माणूस मान वर न करता टेकाडाकडे बोट दाखवायचा. "त्या निळ्या खिडक्या दिसतात ना? पाहुणेकाकूंचं घर. जा तिथे, उपाशी मरणार नाही." काकूंना काहीतरी नाव असणारच. पण नवऱ्याने जन्मभर "अगं"वर भागवलं होतं आणि बाकीच्यांना पाहुणेकाकू पुरत होत्या.

बेट म्हणजे तरी केवढं! एका टोकाला भांडण लागलं की ते ऐकण्याच्या नादात दुसऱ्या टोकाच्या चुलीवरचं दूध उतू जातं, असं काकूच म्हणायच्या. मधोमध टेकाड, टेकाडावर वस्ती, खाली धक्का आणि चहूबाजूंनी समुद्र. काकूंचा नवरा लाँच चालवायचा. दिवसभर इंजिनाचं ऐकून घरी आल्यावर आणखी कुणाचं ऐकायची त्याची इच्छा उरत नसे. शेजारचं घर धाकट्या दिराचं. दीर तरुणपणीच गेला, मागे जाऊ राहिली. दोन घरांच्या मध्ये एकच अंगण आणि अंगणात एकच विहीर. सासऱ्यांनी वाटणी करताना चमचेसुद्धा वाटले होते. विहीर तेवढी वाटता आली नाही, म्हणून ती दोघींची राहिली. जावाजावांचं व्हायचं ते सगळं व्हायचं. कुणाची कोंबडी कुणाच्या दारात गेली, कोण कुणाबद्दल कुणापाशी काय बोललं, इथपासून सगळं. पण विहिरीवरून कधी आवाज चढला नाही. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये ही गोड्या पाण्याची वाटी. तिच्यापाशी दोघीही जरा दबूनच वागत.

पाहुण्यांची सुरुवात कुणी ठरवून केली नाही. एका दुपारी समुद्र खवळला, सहलीला आलेलं एक जोडपं बेटावर अडकलं, आणि नवऱ्याने भिजलेली मांजरं उचलून आणावीत तसं त्या दोघांना घरी आणून उभं केलं. काकूंनी त्यांना कोरडे कपडे दिले, गरम जेवायला वाढलं, स्वतःची झोपायची खोली दिली. जाताना ती बाई रडली. परत गेल्यावर तिने दहा जणांना सांगितलं असावं, कारण पुढच्या मोसमात दहा जण काकूंचं घर विचारत आले. काकूंनाही माणसांची हौस. नव्या माणसाला घास जास्त झाला तरी चालेल, कमी पडता कामा नये, हा त्यांचा स्वभाव. मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, मग त्यांच्यावर आणखी दोन. पाहुण्यांना प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास लागतो, अंगावर फवारा सोडणारी आंघोळ लागते, हे काकूंना हळूहळू कळत गेलं आणि तसतसं त्या ते बांधत गेल्या.

खोल्यांमागचा खड्डा गवंड्याने खोदला. बेटावर गवंडी एकच, त्यामुळे तोच हुशार. बेटाचा दगड पावासारखा भोकाभोकांचा. त्यावर पाणी ओतून दाखवत तो म्हणाला, "बघा काकू, दगड कसा सगळं प्यायला! हा खड्डा तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत भरायचा नाही."

आणि खरंच, तो कधी भरला नाही. दुसरीकडे म्हणे टाक्या उपसायला गाडी बोलवावी लागते, दुर्गंधी सुटते; काकूंच्या घरी तसलं काही नाही. काकू हे अभिमानाने सांगायच्या. जावेने ऐकलं आणि तीही मागे राहिली नाही. "ताईंना जमतं, मग मी काय पाप केलंय?" म्हणत तिने खोल्या काढल्या. मग दुकानदाराने काढल्या, मास्तरांनी काढल्या. पाहता पाहता अख्खं टेकाड खोल्यांनी भरलं. पोरं बेट सोडून जायची थांबली. धक्क्यावर खुर्च्या आल्या, रंगीत छत्र्या आल्या. लोक काकूंना हात जोडून म्हणायचे, "तुमच्यामुळे हो हे सगळं." काकू वरवर "छे छे" म्हणायच्या आणि आतून सुखावायच्या. माणूसच होत्या त्या.

मुलाचं लग्न झालं ते किनाऱ्यापलीकडच्या मुलीशी. सून घरात आली ती प्रश्न घेऊनच आली. चादर घडी करता करता विचारायची, भाजी चिरता चिरता विचारायची. पाहुण्यांनी आणलेला प्लास्टिकचा कचरा त्यांनीच परत न्यावा, असा फलक तिने स्वतः रंगवून दारात लावला. जाऊ हसून म्हणाली, "ताई, सून आणली की सरकार?" काकूंनाही हसू आलं. पण पाहुणे चक्क ऐकायचे, पिशव्या भरून परत न्यायचे, आणि काकूंना सुनेचा जरा गर्वच वाटू लागला.

एकदा वरच्या खोल्यांमधून एकदम सगळे नळ वाजायला लागले, तेव्हा सून म्हणाली, "आई, ही माणसं दिवसातून दोन-दोनदा आंघोळ करतात. हे पाणी जातं कुठे?"

"जमिनीत. आणखी कुठे जाणार?"

"पण आपली जमीन तरी किती?"

"तुला काय करायचंय? भरत नाही ना खड्डा? मग झालं तर!" काकूंनी विषय मिटवला. त्यांना कांदे संपल्याची काळजी जास्त होती.

त्या मोसमात सून गरोदर होती. आणि त्याच मोसमात वस्तीवर लोकांचे डोळे पिवळे पडायला लागले. आधी दोर बांधणारा माणूस, मग मास्तरांची दोन्ही मुलं, मग इकडे एक, तिकडे एक. आरोग्य केंद्रात एकच नर्सबाई होत्या, जेमतेम तिशीच्या, तोंडाने फटकळ. त्या घरोघर जाऊन बजावून आल्या, "पाणी उकळून प्या. विहिरीचं थेट पिऊ नका." लोकांनी चार दिवस उकळलं. मग सरपण, गॅस, वेळ. जो तो आपल्या कामाला लागला. काकूंच्या घरी पाहुण्यांना पाणी बंद बाटलीतलं मिळायचं, कारण पाहुणे तेच मागायचे. घरची माणसं विहिरीचं प्यायची. सासऱ्यांच्या वेळेपासून पीत आलेली. त्या पाण्याला नावं ठेवणं म्हणजे घरच्या वडीलधाऱ्याला नावं ठेवण्यासारखं.

सुनेला आठवा लागला होता. फोडणीचा वास आला की ती दाराबाहेर जायची. काकू म्हणाल्या, "होतं असं. मला तर याच्या वेळी साबणाचा वास सहन होत नव्हता." ती दिवसभर लोळायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "पडू दे. पुढे झोप कुठली मिळायला!" त्या प्रेमानेच म्हणाल्या. पुढे हीच वाक्यं त्यांना कुठेही, कधीही, नळाखाली भांडं धरलं असतानासुद्धा ऐकू यायची.

एका सकाळी नर्सबाई दारावरून जाताना सहज आत डोकावल्या. त्यांनी सुनेला दारातल्या उन्हात आणलं, बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली आणि तशाच अवस्थेत मागे न बघता विचारलं, "काकू, लाँच कुठे आहे?"

लाँच पाहुण्यांना घेऊन प्रवाळ दाखवायला गेली होती. बाकीच्या लाँचही तिकडेच. मोसम ऐन भरात होता. फोन लागला, नवरा म्हणाला, "निघालो." सुनेला मुलाने आणि नर्सबाईंनी धरून धक्क्यावर आणलं आणि एका छत्रीखाली बसवलं. आजूबाजूला माणसं फोटो काढत होती. सून समुद्राकडे बघत म्हणाली, "आई, चादरी आत घेतल्या का?"

"घेतल्या गं."

थोड्या वेळाने पुन्हा, "आई, चादरी आत घेतल्या का?"

"घेतल्या पोरी. सगळ्या घेतल्या."

तिसऱ्यांदा तिने तेच विचारलं तेव्हा नर्सबाईंनी मान फिरवली. पोटातल्या बाळामुळे हे होत नाही, हे काकूंना त्या क्षणी कळलं.

लाँच आली. पाहुणे कुरकुरत उतरले. एका बाईने मात्र खांद्यावरची शाल काढून सुनेच्या पायांवर घातली. नवऱ्याने इंजिन एवढं कधी पिळलं नव्हतं. मुलगा बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. अर्ध्या वाटेत तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं अदबीने विचारलं, "तुम्ही कुठले?"

पलीकडच्या दवाखान्यात मुलगी झाली. मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठेवलेला. सून काही शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. ही पाण्यातून होणारी कावीळ, एरवी माणूस आठ-पंधरा दिवसांत उठून बसतो, पण गरोदर बाईला ती सोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी एकच शब्द ऐकला. पाण्यातून.

नर्सबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी वर भांडून पाणी तपासणारा एक माणूस बेटावर आणवला. तो घरोघर बाटल्या भरत फिरला. अंगणातल्या विहिरीपाशी आल्यावर त्याने चहूकडे पाहिलं. एका बाजूला काकूंच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला जावेच्या.

"संडासाचे खड्डे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

जावेचा खड्डा विहिरीच्या जवळ होता, डोळ्यांत खुपावं इतका जवळ. काकूंचा पार मागे, खोल्यांपलीकडे. सून गेल्यापासून काकू कुणाशी बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी तोंड उघडलं ते असं उघडलं, की वस्ती गोळा झाली. "ही! हिच्यामुळे गेली माझी सून! विहिरीला खेटून खड्डा खणलास गं, तुला जनाची नाही तर मनाची तरी होती का?" जाऊ रडत होती, शपथा घेत होती. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

तो माणूस म्हणाला, "भांडू नका. रंग टाकून बघू."

त्याने विटकरी रंगाची पूड आणली होती. बादलीत टाकताच पाणी हिरवंगार झालं, इतकं हिरवं की बघवेना. ते त्याने जावेच्या संडासात ओतलं, वरून भरपूर पाणी सोडलं. मग सगळे विहिरीकडे बघत बसले. दिवस गेला, दुसरा गेला. विहिरीचं पाणी होतं तसंच राहिलं.

"पुन्हा टाका," काकू म्हणाल्या.

"आता तुमच्यात टाकतो."

"टाका ना! माझा कुठे आहे आणि विहीर कुठे! टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नेहमीप्रमाणे विहिरीवर गेल्या आणि त्यांनी पोहरा सोडला. वर आला तो हिरवा. त्यांनी तो ओतला, पुन्हा सोडला. पुन्हा हिरवा. वाकून पाहिलं तर अख्खी विहीर पोपटी चमकत होती आणि तिच्यात त्यांचंच तोंड दिसत होतं.

खड्डा कधी भरत नव्हता तो का, ते मग त्या माणसाने समजावलं. दगडाला भेगा असतात. वरून कुठली भेग कुठे जाते ते दिसत नाही. जवळचं लांब जातं आणि लांबचं जवळ येतं.

जाऊ तिच्या पायरीवर उभी होती. एरवी तिची जीभ म्हणजे कात्री. तिने उभंआडवं फाडलं असतं तरी कुणी तिला दोष दिला नसता. ती नुसती घागर उचलून आत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. काकूंना ते दार मुस्काटात मारल्यासारखं लागलं.

मुलगा एवढंच म्हणाला, "ती विचारत होती तुला, आई."

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. महिन्यापूर्वीच ठरलेले, कुणाला नको म्हणायचं सुचलंच नव्हतं. सकाळी काकू नवऱ्याच्या अवजारांतली पहार घेऊन खोल्यांकडे गेल्या. पहिल्या संडासातलं भांडं फुटलं तेव्हा शेजारपाजारचे धावत आले. काकू घामाने निथळत होत्या. फुटक्या तुकड्याने तळहात कापला होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. नवरा दारात आला, फुटके तुकडे ओलांडून आत आला आणि म्हणाला, "दे इकडे. वरच्या मी फोडतो."

पाहुणे बॅगा घेऊन फाटकात उभे राहिले तेव्हा काकू तशाच बाहेर आल्या. हाताला रक्त, केसांत चुना.

"इथे राहू नका," त्या म्हणाल्या. "आमच्या विहिरीत घाण गेलीय. माझी सून मेली त्यानं. तुम्ही परत जा."

चांगली माणसं होती, घाबरली. धक्क्यावर जाऊन त्यांनी इतरांना सांगितलं. तोंडातोंडी सगळ्या खोल्यांत बातमी पोचली. संध्याकाळपर्यंत जाणाऱ्या लाँच भरून गेल्या आणि येणाऱ्या रिकाम्या आल्या.

शाळेच्या वर्गात सभा भरली. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली होती. दुकानदार समजुतीने म्हणाला, "काकू, तुमच्यावर आभाळ कोसळलंय, कोण नाही म्हणतो? पण म्हणून सगळ्यांच्या पोटावर का पाय देता?"

"माझा खड्डा निघाला, तसा तुमचाही निघेल," काकू म्हणाल्या. "तो माणूस अजून आहे इथे. सगळ्यांनी रंग टाकून बघा. एवढंच मागते."

गवंडी उठला. "म्हणजे मी खोदलेले सगळे खड्डे खोटे?"

मग जाऊ बोलली, सभेकडे बघून. काकूंकडे तिने पाहिलंच नाही. "माझ्या खड्ड्याचा रंग विहिरीत आला नाही, सगळ्यांनी पाहिलं. विहीर हिने नासवली, आळ माझ्यावर हिने घेतला, भर वस्तीत मला नाही नाही ते बोलली. आणि आता शहाणपणही हिनेच शिकवायचं? चोराच्या उलट्या बोंबा!"

"तुझा रंग कुठेतरी गेलाच असेल ना गं," काकू म्हणाल्या. आवाज चढवायला त्यांच्यात काही उरलं नव्हतं. "मीच चोर आहे. म्हणून तर सांगते."

कुणी रंग टाकला नाही. तपासणारा माणूस आपल्या बाटल्या घेऊन गेला.

बाळ वाचलं. सुनेची आई पलीकडे होती, बाळाला तिथेच ठेवलं होतं. मुलगा एक दिवस आला आणि स्वतःचे कपडे भरायला लागला. काकू घड्या करून देत होत्या.

"मी तुला दोष देत नाही," तो कपाटाकडे बघत म्हणाला.

काकूंना वाटलं, दिला असता तर बरं झालं असतं. ओरडला असता, ताट भिरकावलं असतं, तर निदान काही उत्तर देता आलं असतं.

मग बेटाने काकूंना वाळीत टाकलं. तसं कुणी बोलून दाखवलं नाही. दुकानात सगळ्यांचं देऊन झालं की त्यांचा नंबर यायचा. धक्क्यावर लाँचच्या पाळ्या लागत; त्यांच्या नवऱ्याची पाळी यायची नेमकी तेव्हा पाहुणे संपलेले असायचे. तो इंजिनाचं झाकण उघडून स्वच्छ भाग पुन्हा स्वच्छ करत बसायचा. ज्या काकूंच्या दारात कधी चपलांना जागा नसायची, तिथे आता वारा तेवढा यायचा-जायचा. दोघं पाणी उकळून प्यायची, समोरासमोर बसून जेवायची.

पुढच्या मोसमात पाहुणे परत आले. का येणार नाहीत? समुद्र तोच, निळा तसाच. त्याच वर्षी गवंडी काविळीने गेला. तो दारू प्यायचा, म्हणून सगळ्यांनी ते दारूच्या माथी मारलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. काकू मयताला गेल्या. त्याच्या बायकोने त्यांना दारातच पाहिलं आणि म्हणाली, "झालं समाधान?" काकू उलट्या पावली परत फिरल्या.

बेटाचे डोळे उघडले ते आणखी एका वर्षाने, आणि तेही एका पाहुणीमुळे. कुणा बड्या घरची तरुण मुलगी जावेकडे उतरली होती. तिने पाणी बाटलीतलं प्यायलं, पण सरबतातला बर्फ विहिरीच्या पाण्याचा होता. घरी गेल्यावर ती आजारी पडली, मरता मरता वाचली, आणि वर्तमानपत्रात बेटाचा फोटो छापून आला. आठवड्याच्या आत अधिकारी आले, रंगाच्या पुड्या आल्या. टेकाडावरच्या आणखी खड्ड्यांचा रंग अंगणातल्या विहिरीत उतरला. जावेच्या खड्ड्याचा रंग खालच्या किनाऱ्यावर, पाहुणे पोहायचे तिथेच, पाण्यात पसरला. प्रवाळावर अलीकडे शेवाळाचा थर का चढत होता, त्याचाही उलगडा झाला. बेट पाहुण्यांना बंद झालं. काकूंच्या नवऱ्याने बातमी ऐकली आणि त्याच्या मानाने लांबलचक भाषण केलं. "आपली मेली तेव्हा कागद हलला नाही. त्यांची नुसती आजारी पडली, तर बेट बंद."

"वाचली ना पोरगी?" काकू म्हणाल्या. "मग पुरे."

बेट पुन्हा उघडलं तेव्हा नियम घेऊन उघडलं. दिवसाला ठरावीक माणसं, ज्यांना खोल्या चालवायच्या त्यांनी बंद टाकी बांधायची, टाकीतला मैला बोटीने पलीकडे न्यायचा. नियम चांगलेच होते. नर्सबाई म्हणाल्या, दहा वर्षं आधी हवे होते. पण टाकी बांधायची ऐपत किती जणांची? बहुतेकांनी खोल्यांना कुलूप लावलं. मास्तर गेले, दुकानदाराची पोरं गेली. बाहेरची एक कंपनी आली आणि तिने चांगली चांगली घरं भाड्याने घेतली. जावेचंही घेतलं. जाऊ आता स्वतःच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची आणि कंपनीच्या चादरी घडी करायची. घराच्या दारात पाटी लागली, त्यावर पानाचं चित्र होतं आणि हे घर निसर्ग जपतं, असं लिहिलं होतं.

मैल्याची बोट चालवायला कुणी तयार होईना. काकूंच्या नवऱ्याकडे लाँच होती आणि काम नव्हतं. तो हो म्हणाला. टाकीत पाइप सोडायला, पंप धरायला दुसरा माणूस हवा होता. एक आला, एका दिवसात पळाला. दुसऱ्या सकाळी काकू रबरी बूट घालून धक्क्यावर उभ्या राहिल्या.

"अगं, तू नको," नवरा म्हणाला.

"का? पाहुण्यांचंच काम आहे ना? आजवर कोणाचं केलं?"

लोक नाक दाबून बाजूला व्हायचे. काकूंनी प्रायश्चित्त घेतलंय, असं कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय असंही कुणी म्हणालं. काकूंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, की पाइप जड आहे आणि सांधे दुखतात. जावेच्या घरामागची टाकी पहिल्यांदा उपसायची होती तेव्हा झाकण हलेना. काकू झोंबत होत्या. मागच्या खोलीचं दार उघडलं, जाऊ बाहेर आली आणि दुसऱ्या बाजूने झाकणाला हात लावून उभी राहिली. दोघींनी मिळून ते सरकवलं.

"लवकर भरते का गं?" काकूंनी विचारलं.

"लवकर भरते," जाऊ म्हणाली. पंप बंद होईपर्यंत ती तिथेच उभी होती. त्यापलीकडे दोघींमध्ये काही झालं नाही. विहिरीवर तोवर सिमेंटची फरशी टाकली होती.

मुलगा अधूनमधून फोन करायचा. नात शाळेत जायला लागल्यावर तो तिला घेऊन एकदाच आला. आता तो बेटाचा रहिवासी राहिला नव्हता, म्हणून त्याला पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून दिवसाचा पास घ्यावा लागला. मुलगी आईसारखी दिसत होती, हनुवटी तर तीच. काकूंनी सकाळीच बूट धुतले होते, अंग दोनदा घासलं होतं, ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. मुलगी घरात आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि वडिलांच्या कानात काहीतरी म्हणाली. मुलगा तिला दटावायला लागला.

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"वास येतो म्हणते," काकू म्हणाल्या. "येणारच. मुरतो तो."

जेवण नर्सबाईंच्या घरून करून आणलं होतं. ते काकूंनीच सुचवलं होतं. नवरा नातीला लाँच दाखवायला खाली घेऊन गेला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तिकडे ये. दोन खोल्या आहेत. किती दिवस हे करणार?"

"तुझे बाबा यायचे नाहीत."

"बाबांचं नाही विचारलं मी."

काकूंनी ताटं उचलली, घासायला घेतली. मुलगा फडकं घेऊन शेजारी आला. त्याने दोन भांडी पुसून ठेवली. मागच्या खोल्यांकडे तो गेला नाही. मग पाहुण्यांना निघायची सूचना देणारा भोंगा वाजला. भोंग्यानंतर थांबलं तर दंड होता.

लाँच कंपनीची होती, पांढरीशुभ्र. मुलगी कठड्यापाशी उभी राहिली. धक्का सुटला तसे सगळे पाहुणे हात हलवायला लागले, तिनेही हलवला. काकूंकडे बघून नव्हे, बाकीच्यांसारखाच, अख्ख्या बेटाकडे बघून. काकूंनी इकडून हलवला. लाँच लहान झाल्यावर त्या मागे वळल्या. त्या जागी आता मैल्याची बोट लागायची होती आणि पाइप अजून कुणी उलगडला नव्हता.